मुंग्या

शर्टाच्या पांढऱ्या बटणपट्टीवर लाल ठिपका उमटला, तो आधी मुलीला दिसला. बाबा मान खाली घालून बटण लावतच होते. पुढच्या टाक्याला आणखी एक ठिपका पडला.

"बाबा, थांबा! रक्त येतंय."

"कुणाला?" बाबांनी विचारलं.

तिनं शर्ट त्यांच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतला. कापडाखाली धरलेल्या डाव्या बोटाला सुई टोचत होती, आणि तीही एकदा नाही, चांगली चार-पाचदा. तिनं कापूस आणून बोटावर दाबला.

"दुखतंय?"

"छे! शिंप्याचं बोट आहे ते. चाळीस वर्षं टोचून घेतंय, दगड झालाय त्याचा."

"काहीतरीच काय बाबा! मागच्या वर्षी एकदा टोचलं तर अख्खं दुकान डोक्यावर घेतलं होतंत. सुई बनवणाऱ्याच्या सात पिढ्या काढल्या होत्या."

बाबा हसले नाहीत. एरवी बाबांना हसायला एवढंही लागत नसे.

मुलगी तशीच त्यांचं बोट धरून स्टुलावर बसली. समोर कात्री पडली होती. कात्रीच्या मुठीला महिनाभर चिंधी गुंडाळलेली होती. "घामानं निसटते गं," असं बाबांनी सांगितलं होतं. रोज सकाळी ते तिच्याकडून दहा सुया ओवून घेत आणि सुयांच्या छोट्या उशीला ओळीनं टोचून ठेवत. "डोळे गेले माझे, ठमे," म्हणत. आणि त्याच डोळ्यांनी पेपरातल्या बारीक अक्षरातल्या जाहिराती मोठ्यानं वाचून दाखवत! कारण घाम नव्हता आणि डोळेही नव्हते. कात्रीचं गार लोखंड हाताला सोसवत नव्हतं, आणि बोटांत धरलेला दोरा धरलाय की सुटलाय, हेच कळत नव्हतं. एवढी कशी मी आंधळी, असं तिला झालं.

आणि तो विनोद! दर गुरुवारी चार वाजता इस्पितळातल्या सिस्टरचा फोन यायचा. सिस्टरचे प्रश्न ठरलेले. ताप आहे का, उलटी झाली का, तोंडात फोड आलेत का. शेवटचा प्रश्न, हातापायांना मुंग्या येतात का? त्यावर बाबांचं उत्तरही ठरलेलं. "मुंग्या? आमच्या दुकानात साखरेचा दाणा सांडत नाही सिस्टर, येऊन करतील काय बिचाऱ्या!" सिस्टर खळखळून हसायची आणि काळजी घ्या म्हणून फोन ठेवायची. मुलगीही हसायची. माणूस थट्टा करतोय म्हणजे औषध मानवतंय, अशी तिनं स्वतःची समजूत घातली होती. आता तिला स्वतःचाच राग आला.

केमोच्या औषधासोबत मिळालेला कागद तिनंच मापांच्या वहीशेजारी भिंतीला पिनेनं लावला होता. बोटं बधिर वाटू लागली तर लगेच कळवा. उशीर झाल्यास बधिरपणा कायमचा राहू शकतो.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"दुसऱ्या सलाईननंतर मुंग्या सुरू झाल्या. मग बोटं जड झाली. मग काही नाही."

"आणि तुम्ही सांगितलं नाहीत!"

बाबांनी चष्मा काढून मशीनवर ठेवला. "सांगितलं की औषध कमी करणार. औषध कमी झालं की ते पुन्हा डोकं वर काढणार. चारच सलाईन राहिलीत, ढकलू म्हटलं."

"आणि बोटं?"

"बोटं गेली तर शिंपी जाईल. औषध कमी पडलं तर बाप जाईल. म्हटलं, तुला बापच हवा असेल."

मुलीचे डोळे भरून आले. पण बाबांसमोर रडायची ही वेळ नव्हती, आणि तिला खरं तर भांडायचं होतं.

"डॉक्टरांना विचारलंत? औषध कमी केलं तर काय होतं, बदललं तर काय होतं, एका शब्दानं तरी विचारलंत?"

"नाही."

"म्हणजे माप न घेताच कापलंत."

बाबांनी चटकन वर पाहिलं. चाळीस वर्षांत हे त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. कुणाची तशी हिंमतच झाली नसती. तिच्या मांडीवरचा शर्ट घेऊन त्यांनी डाग उलटसुलट पाहिला.

"गार पाण्यात टाक लगेच," ते म्हणाले. "वाळला तर निघायचा नाही."

ती उठणार तेवढ्यात फोन वाजला. चार वाजले होते. तिनं स्पीकर लावून फोन कटिंगच्या टेबलावर ठेवला.

ताप? नाही. उलटी? एकदा, परवा. तोंडात फोड? बरे आहेत आता.

"आणि काका, मुंग्या येतात का?" विचारतानाच सिस्टरला हसू यायला लागलं होतं.

बाबा कापूस लावलेल्या बोटाकडे बघत होते.

"येत होत्या," ते म्हणाले. "आता त्याही येईनाशा झाल्यात."

पलीकडचं हसू थांबलं.

"काका, फोन ठेवू नका हं. डॉक्टर इथेच आहेत, त्यांना देते."

मुलीनं फोन उचलून त्यांच्या हातात दिला. बाबांनी तो दोन्ही हातांनी धरला, मान वाकवून आपल्या हातांकडे नीट पाहिलं आणि हळूच तिला विचारलं, "धरलाय ना गं मी?"