कडक श्रावण

आमचा धनेश श्रावण कडक पाळतो. सुकटीची बरणीसुद्धा त्याने शेजाऱ्यांकडे ठेवायला लावली. दिवाळीनंतर तो अमेरिकेत चुलतभावाकडे जाणार आहे, हरणाची शिकार करायला, तीही धनुष्यबाणाने. त्यामुळे रोज ओटीवर बसून साहेबांचं एकच चाललेलं, बाणाला टोक कुठलं लावायचं? शेवटी त्याने अशी टोकं मागवली, ज्यांची पाती उडताना मिटलेली असतात आणि अंगात घुसल्यावर उघडतात. आज ती आली. बागेतल्या पपईत एक खुपसून मला दाखवत म्हणाला, "बघ, फुप्फुसं अशी फाटतात."

तेवढ्यात अर्नाळ्याच्या कृष्णाबाईने मासळीची पाटी पायरीवर टेकवली. "रीमा, पानी दे गो."

धनेश खेकसला, "आधी पाटी उचल! श्रावणात मेलेले जीव दारात आणतेस? लाज नाही वाटत?"

ती पाटी फाटकाबाहेर ठेवून आली. त्याच्या हातातल्या टोकाकडे बघत तिने विचारलं, "आनि हा कशाला रे?"

तो पपई पुसत बसला. मी पाण्याचा तांब्या तिच्या हातात देत म्हटलं,


"हरणं मारायला, मावशी. अमेरिकेत श्रावण नसतो."