पहिलं बटण

हॉस्पिटलमध्ये पेशंटला भेटण्याचा ऑनलाइन फॉर्म मीच बनवला होता. तक्रार घेऊन आलेले काका निवृत्त टायपिस्ट. हातात बायकोचा चष्मा. “हिला ॲडमिट करताना घरीच राहिला. गेटवर द्या म्हणाले, म्हटलं स्वतःच देईन. नऊदा फॉर्म भरला, नऊदा ‘अर्ज रद्द’. माझं काय चुकलं?” त्यांना कीबोर्डसमोर बसवलं. त्यांनी झरझर माहिती भरली आणि माउसला न शिवता एन्टर दाबलं. स्क्रीनवर ‘अर्ज रद्द’. एन्टर फॉर्ममधलं पहिलं बटण दाबतं. पहिलं होतं ‘रद्द करा’; ‘पाठवा’ मी नंतर ठेवलेलं, दिसायला बरं म्हणून. “चूक माझी, काका. आत्ता दुरुस्त करतो, संध्याकाळीच भेटून या.” “ती परवा गेली.” ते काचा पुसत राहिले. “शेवटपर्यंत दाराकडे बघत होती म्हणे. चष्मा नव्हता ना. येणारा प्रत्येक जण तिला मीच वाटला असेल.”