न वाजलेली काकणं

"बांगडी वाजली, म्हणजे नाणं उजव्या मुठीत!" कासारीण जनाक्कांनी सुनेची नवी जादूही पकडली. "मला एकदा फसवून दाखव, मग खुशाल जत्रेत खेळ कर."

बांगड्या उतरवायची सोय नव्हती. कासाराच्या सुनेचं मनगट उघडं कसं चालेल? शालन त्या आवाजासकटच नवा खेळ बसवत राहिली.

आज पुन्हा उजव्या हातात किणकिण झाली. जनाक्कांनी झडप घालून मूठ धरली. "उघड, भवाने!"

मूठ रिकामी होती. डावीही रिकामीच.

"आत्याबाई, तुमचं मनगट बघा."

जनाक्कांच्या स्वतःच्या काकणांखाली नाणं चमकत होतं. जन्मभर बायकांना बांगड्या भरल्या, पण हा स्पर्श कळला नव्हता. एकही काकण वाजलं नव्हतं.

त्यांनी दुकानातल्या सगळ्यात खणखणीत बांगड्या काढल्या.

"हात दे इकडे. जत्रेत ह्याच वाजव."