मौनीचा नियम

"‘दार’ हा शब्द देतो," धाकटा म्हणाला आणि त्याने फासा टाकला.

फासा चहाच्या कपाला आपटून थांबला. टेबलाच्या टोकाला बसलेल्या दादाने आकडा पाहिला आणि गुहेच्या तोंडावरचा अजगर झोपी गेल्याचं जाहीर केलं. खेळ त्याने रचलेला, त्यामुळे गोष्ट सांगायचं कामही त्याच्याकडेच. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं, फासे टाकायचे आणि त्या पात्राच्या तोंडून बोलायचं. खेळाची चित्रं काढणारा चित्रकार शिपाई झाला होता, खेळ छापून विकणाऱ्या प्रकाशकबाई चोर आणि धाकटा मौनी.

मौनी हा या खेळातला नवा जादूगार. त्याला ना काठी लागायची ना पोथी. प्रत्येक मंत्रासाठी त्याने एक शब्द द्यायचा आणि दिलेला शब्द खेळ संपेपर्यंत खेळणाऱ्याने तोंडातून काढायचा नाही. शब्द जितका जवळचा, तितकी जादू मोठी.

"मग आता आत कसं जायचं म्हणे?" चित्रकाराने मुद्दाम विचारलं.

"ती भिंतीतली उघडझाप ढकलायची," धाकटा म्हणाला, आणि बाईंना हसता हसता ठसका लागला.

बाई एरवी हसणाऱ्यांतल्या नव्हत्या. दादाचे आधीचे खेळ त्यांनी परत धाडले होते. जादूगार तेच ते, असा शेरा मारून. आज त्या स्वतः खेळायला बसल्या होत्या त्या केवळ मौनीसाठी, आणि घड्याळाकडे बघतही नव्हत्या.

"मला एक सांगा," त्या दादाला म्हणाल्या, "हे डोक्यात आलं कुठून?"

दादाने समोरचे फासे उगाच एका रांगेत लावले. धाकट्याची जीभ लहानपणापासून काही शब्दांवर अडायची. शब्द अडला की तो रडायचा नाही. ‘जादूत खर्च झाला’ म्हणायचा आणि तळहातावर फुंकर मारायचा. पलंगाखाली दोघं खेळायचे त्या खेळाचा हाच एक नियम, धाकट्याने केलेला. दादाने हे बाईंना सांगितलं नव्हतं. धाकट्यालाही विचारलं नव्हतं. रविवारी खेळायला ये, एक पात्र कमी पडतंय, एवढंच म्हणाला होता.

"असंच," दादा म्हणाला. "आंघोळ करताना सुचलं एकदा."

धाकट्याने मान वर केली. मग तो बाईंकडे वळला. "हा ख..." तो म्हणाला. "हा ख... ख..."

"खूपदा खेळलाय तो," दादा घाईने म्हणाला. "माझ्या प्रत्येक खेळाचं पहिलं गिऱ्हाईक हाच."

जुनी सवय होती ती. धाकटा अडला की दादाने शब्द पुरा करून द्यायचा. दुकानात, शाळेत, पाहुण्यांसमोर. किती जीव आहे भावावर, असं आई कौतुकाने सांगत सुटायची. पण आजवर दादाने त्याला हवा तोच शब्द दिला होता. ‘हा खेळ’ म्हणणार होता तो, आणि त्याच्यापुढचं काय हेही दादाला पक्कं ठाऊक होतं. त्याचे कान तापले. बाई गेल्या की बोलू, नीट समजावून सांगू, असं त्याने स्वतःला बजावलं. आपल्यालाच आपली लाज वाटत असताना माणूस जे काय बजावतो ते.

धाकटा खिडकीबाहेर बघत होता.

दादाने गोष्ट पुढे रेटली. गुहेचं छत कोसळलं. शिपाई आणि चोर दगडांखाली सापडले. "छत उचलायचं तर साधासुधा शब्द चालायचा नाही," तो म्हणाला. "अगदी रोजच्या तोंडातला हवा."

"‘दादा’ देतो," धाकटा म्हणाला.

एरवी सगळ्यात जास्त अडायचा तो हाच शब्द. आता मात्र सरळ बाहेर आला.

"घ्या! ह्याने घरचंच माणूस काढलं विकायला," चित्रकार म्हणाला. बाईंनी टेबलावर थाप मारून दाद दिली. फासा पडला, छत उचललं गेलं, दोघं वाचले.

"अहो," धाकटा थोड्या वेळाने दादाला म्हणाला, "पाणी देता का जरा?"

सगळे हसले. दादाही हसला. पाणी आणायला म्हणून तो स्वयंपाकघरात गेला आणि पेला भरून वाहायला लागला तरी नळाशी उभाच राहिला.

संध्याकाळी बाई उठल्या. "बाकी काय वाटेल ते बदला, पण मौनीला हात लावू नका," त्या पर्स खांद्याला अडकवत म्हणाल्या. "खेळाच्या डब्यावर नाव तुमचं एकट्याचंच ना?"

धाकटा कोपऱ्यात वाकून बुटाची नाडी बांधत होता.

"हो," दादा म्हणाला.

बाई आणि चित्रकार जिना उतरून गेले. धाकट्याने दुसऱ्या बुटाची नाडी बांधली, सोडली, पुन्हा बांधली. दादा त्याच्या डोक्याशी उभा होता.

"संपला की रे खेळ," तो शेवटी म्हणाला. "मिळाले तुझे शब्द परत."

"हो. नियम ठाऊक आहे मला."

धाकटा उंबऱ्याबाहेर गेला आणि वळला. त्याची जीभ वरच्या दातांमागे टेकली.

"द..."

दादा थांबला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने शब्द पुरा करून दिला नाही. जिन्यातला दिवा आपोआप विझला, तरी तो थांबूनच होता.

"द... द..." धाकट्याने डोळे मिटून घेतले. "दार लावून घ्या."