कप्तानाची शंका

“ताई, तुझा विश्वास बसणार नाही. आज एका जहाजाच्या कप्तानाचा फोन आला होता. भर समुद्रातून!”

ठोंब्यानं दारातच बूट काढले आणि तो भिंतीला टेकून उभा राहिला. बसला असता तर पुन्हा उठणं झालं नसतं.

ताई पलीकडे तोंड करून पडली होती. जिन्यावरून पडून मांडीचं हाड मोडलं तेव्हापासून ती अशीच. सगळा जन्म तिनं शाळेत इंग्रजी शिकवलं. धाकट्या भावालाही शिकवलं. त्याला ‘येस’ आणि ‘थँक्यू’च्या पलीकडे काही आलं नाही, म्हणून तिनंच त्याचं नाव ठोंब्या ठेवलं. आता घरात ही दोघंच, आणि ठोंब्याही साठीला टेकलेला.

अशा माणसाला कुणी फोनवर लोकांच्या इंग्रजीच्या शंका सोडवायला नोकरीवर ठेवतं का? पण आपण आवाजावर लागलो, असं त्याचं म्हणणं. खर्जातला आवाज. फोन उचलायचा, शंका ऐकायची, ‘उद्या कळवतो’ म्हणायचं. घरी येऊन ताईला विचारायचं. साहेबाला पत्ता नाही.

“काय हवंय तुझ्या कप्तानाला?” ताईनं भिंतीलाच विचारलं.

“आधी भात खा. सकाळचा तसाच आहे.”

“नको.”

“उपाशीपोटी तू चुकशील आणि नोकरी जाईल माझी. परवाची ती नवरी आठव. चार घास पोटात गेले तेव्हा कुठे तुला सुचलं.”

नवरीनं रुसून नवऱ्याला लिहिलं होतं, ‘यू डिडन्ट केम’. त्याआधी एक खाटीक. तो दुकानाच्या पाटीवर ‘डझन्ट सेल्स’ रंगवून बसला होता. “अरे, एस एकदा डझन्टनं खाल्ला ना? मग पुढच्या क्रियापदानं उपाशी राहायचं!” असं म्हणून ताईनं त्या दिवशी वाटी चाटूनपुसून साफ केली होती.

आज मात्र ती वळेना. तिच्याकडून उत्तर आलंच नाही तर काय, हा विचार ठोंब्याला नको होता. खाटेच्या कडेला टेकून त्यानं चमचा उचलला. बोटं धड मिटत नव्हती. तळव्यांना भेगा, नखांत राखाडी काहीतरी.

ताईनं मान जराशी वळवून पाहिलं. “तुमच्याकडचे फोन फार जड असतात का रे?”

“जुने आहेत गं. लोखंडी.”

“हं. बोल.”

“कप्तानानं डेकवर सूचना लावली. त्यात लिहिलं ‘विलन्ट’. खलाशी हसून हसून लोळताहेत, सुकाणू धरायला माणूस नाही. बरोबर काय ते कळेपर्यंत नांगर टाकून बसलेत बिचारे.”

“भर समुद्रात नांगर?”

“साखळी लांब असेल.”

ताईच्या खांद्याला हसू फुटल्यासारखं वाटलं. ठोंब्याचे डोळे मिटत होते. कप्तान, खलाशी, जहाज, सगळं एकमेकांत मिसळायला लागलं.

“खा ना गं, ताई,” तो हळूच म्हणाला.

कण्हत, कूस सांभाळत ताई वळली. तिनं वाटी हातात घेतली. एक घास, मग दुसरा. वाटीचा तळ दिसेपर्यंत ती खात राहिली. मग तिनं ओठ पुसले आणि वर्गातल्या शेवटच्या बाकाकडे पाहावं तसं भावाकडे पाहिलं.

“वोन्ट. विलन्ट नाही, वोन्ट. आणि त्या कप्तानाला म्हणावं, पाचवीत याच विलन्टसाठी मी तुझा कान पिळला होता. खाटकाच्या चुकीसाठीही तुझाच. नवरीच्याही.” तिनं रिकामी वाटी त्याच्या हातात दिली. “आता नखांतलं सिमेंट धुऊन ये, कप्तान, आणि जेव.”