शिगेची पायली

“म्हंजी माणूस कामाला जावो न्हाई तर घोंगडी पांघरून झोपो, बाजरी त्याला मिळणारच?” गेणभाऊनं विचारलं आणि राजुरीच्या चावडीपुढं जमलेला गाव खदखदून हसला.

“मिळणारच,” धर्माजी म्हणाला.

धर्माजी गावातला सगळ्यात मोठा शेतकरी. त्याच्या खालोखाल गेणभाऊ. धर्माजीनं आज भलतंच काढलं होतं. ज्याची जमीन मोठी त्यानं सुगीला आपल्या राशीतून मोठा वाटा काढायचा, तो गावच्या कणगीत टाकायचा आणि त्यातून दर आठवड्याला घरटी एक पायली बाजरी द्यायची. गेणभाऊनं मनातल्या मनात आपली पोती मोजून टाकली होती. बरं, हे एखाद्या भुकेकंगालानं म्हटलं असतं तर हाकलून देता आलं असतं. पण ज्याच्या राशीतून सगळ्यात जास्त जायचं, तोच मागं लागलेला!

गेणभाऊला लोक चिक्कू म्हणत. तो स्वतःला हिशेबी म्हणे. खळ्यावर मजुरीचं धान्य तो स्वतःच्या हातानं घाली. पायली भरली की तिच्यावरून तळहात फिरवून काठावर चढलेली शीग सपाट करी. सांडलेले दाणे पुन्हा आपल्या राशीत. वर्षानुवर्षं त्याच्या खळ्यावरच्या बाया तो हात बघत आल्या होत्या.

“फुकट बसून खायला मिळालं, तर उद्या खुरपायला कोण यील?” त्यानं पुन्हा तोंड घातलं.

“पायलीत आठवडा निघतो व्हय?” धर्माजी म्हणाला. “पोटाला आधार झाला म्हंजी झालं. बरं, ज्यांना पटतंय त्यांनी हात वर करा.”

एकही हात वर झाला नाही. गेणभाऊच चकित झाला. भूमिहीनांचे हात आधी वर होणार, अशी त्याची खात्री होती. ते सगळे खाली मान घालून बसले होते. शेवटी साळूबाई उठली. गेणभाऊच्या खळ्यावर राबणाऱ्यांपैकीच ती एक.

“धर्माजीबाबा, बाजरी कुणाला नको? दुष्काळात तुमच्या दारची खाल्ली. तुमी कधी बोलला न्हाई, पर गाव बोललं. लेकीची सोयरीक जमवाया गेले तर पावणं म्हणालं, ह्ये दानाचं खाणारं घर. आता पुन्ना नको.” आणि ती बसली.

गेणभाऊची लढाई आयतीच जिंकली गेली होती. गप्प बसला असता तर राशीतला एक दाणाही जाता ना. पण गप्प बसेल तर तो गेणभाऊ कसला!

“दान कशाचं आलंय त्यात?” तो हसत म्हणाला. “घरटी म्हंत्यात न्हवं? मग धर्माजीचंबी घर गावातच हाय की! पिशवी घिऊन हुबं ऱ्हातील रांगेत, साळूबाईच्या मागं!”

लोकांनी टाळ्या पिटल्या. धर्माजीचा चेहरा मात्र पडला. रांगेत उभं राहायचं त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. त्याच्या मनात तो कणगीपाशी वाटायला उभा होता. तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरू लागला.

“ऱ्हातो हुबा,” तो म्हणाला. मग मान वर केली. “आन् गेणभाऊ, घर तुमचंबी गावातच हाय.”

पहिला हात साळूबाईचा वर गेला. मग सगळ्या चावडीचे. गेणभाऊला आपलीच जीभ चावावीशी वाटली.

सुगी झाली, कणगी भरली, वाटपाचा दिवस आला. मापावर साळूबाईला बसवलं होतं. गेणभाऊनं आपला गडी बहिरू याला पोतं देऊन पाठवलं. तो रिकामाच परत आला.

“साळूबाई म्हंती, माझ्या घरची म्या न्हेली. तुमच्या घरची तुमी या.”

चरफडत गेणभाऊ गेला. वाटा तर देऊन बसलो, मग पायली तरी का सोडायची? रांगेत त्याच्या पुढं धर्माजी होता आणि मागं गावातला बांगडीवाला नवाब मणियार.

“पावणं, रांगेत नवीन दिसताय!” नवाब गेणभाऊला म्हणाला. पोरंसोरं फिदीफिदी हसली. धर्माजीनं बाजरी घेतली, लाजत लाजत कपाळाला लावली आणि लहान पोरासारखा हसत बाजूला झाला.

गेणभाऊनं उपरणं पसरलं. साळूबाई पायली भरू लागली. आजवर त्यानं माप घातलं होतं, मापापुढं कधी उभा राहिला नव्हता. दाणे काठाला आले, काठावर चढले, वर टोकदार शीग झाली. गेणभाऊ श्वास रोखून बघत होता. इतक्यात साळूबाईचा तळहात वर आला.

“ऱ्हाऊ दे!” गेणभाऊ ओरडला. “शीग ऱ्हाऊ दे की, साळूबाई!”

साळूबाई त्याच्याकडं बघत राहिली. तिनं हात घाम पुसायला उचलला होता. तो तिनं कपाळावरून फिरवला. आणि मग अशी काही हसली, की सगळी रांग पोट धरून हसायला लागली. गेणभाऊ कानापर्यंत लाल झाला, आणि मग त्यालाही हसू आवरेना.

साळूबाईनं पायली शिगेसकट त्याच्या उपरण्यात ओतली.

“फागुनात शाळवाच्या खळ्यावर येतेच म्या,” ती म्हणाली. “तवा तुमी आपलं हात बंडीच्या खिशात ठिवा.”

गेणभाऊचे दोन्ही हात उपरण्यात गुंतले होते, नाहीतर त्यानं ते तिथंच खिशात घातले असते.