बारावा धोका

थोरलीने कागदावर बारावा धोका लिहिला आणि घड्याळ पाहिलं. तिच्या पंधरा मिनिटांतली चार अजून उरली होती.

औद्योगिक सुरक्षेच्या पदव्युत्तर वर्गाची शेवटची परीक्षा होती. सरांनी वर्कशॉपमध्ये बारा धोके मुद्दाम पेरून ठेवले होते. एकेकाने आत जायचं, शोधायचे आणि लिहायचे. सर ज्याचं नाव देतील, त्याला कारखान्यात सुरक्षा अधिकाऱ्याची नोकरी. जागा एकच.

तिच्यानंतर, सगळ्यात शेवटी, धाकटी बहीण आत येणार होती. थोरली एक वर्ष नापास झाली म्हणून दोघी एका वर्गात आल्या, आणि तेव्हापासून आईचं एकच पालुपद, "जरा धाकटीकडून शीक." धाकटीचं कौतुक निघालं की थोरलीच्या पोटात दुखायचं. खोटं कशाला बोला!

बारावा धोका म्हणजे ग्राइंडरचं उघडं चाक. त्याचं लोखंडी झाकण टेबलावर पडलं होतं, बोल्टही तिथेच. तिने सवयीने मेन स्विच बंद केला, झाकण बसवलं आणि पान्याने चारही बोल्ट आवळले. आता शोध म्हणावं बारा.

दारात धाकटी उभी होती. "ताई, कसं गेलं गं?"

"बरं गेलं. जा तू."

तासाभराने सरांनी थोरलीला एकटीलाच खोलीत बोलावलं.

"तुझे बारा, धाकटीचे अकरा. तुझ्या वेळी चाक उघडं होतं?"

"हो सर. लिहिलंय मी."

"मग झाकण कोणी बसवलं?"

परीक्षेच्या मांडणीला हात लावला, म्हणजे पुन्हा नापास. आईला काय तोंड दाखवायचं?

"माझ्यानंतर तीच आत गेली होती, सर," ती हळूच म्हणाली. "लहान आहे. सांभाळून घ्या."

सरांनी दोन्ही कागद बाजूला सारले.

"वीस वर्षं मी ते चाक उघडं ठेवतोय. सगळे लिहितात आणि निघून जातात. अगं, कागदाने कधी कुणाचं बोट वाचलंय? आज पहिल्यांदा कुणीतरी स्विच बंद करून झाकण बसवलं. त्या हाताला मी नोकरी देणार." त्यांनी पेनाचं टोपण काढून नाव लिहायला घेतलं. "धाकटी म्हणत होती, 'मी नाही सर, ताईनेच बसवलं असणार.' बरं झालं तुला विचारलं."